उजव्या बाजूचा सराव

फ्रान्समध्ये गाडीनं फिरायचं की रेल्वेनं, हे आमच्या भंडाऱ्याच्या घरी बैठकीच्या खोलीत ठरत होतं, आणि ठरवायला तिघे पुरुष बसले होते. त्यातल्या दोघांना फ्रान्सला जायचंच नव्हतं. एक माझा नवरा विनोद. दुसरा त्याचा मित्र अश्वजित, ज्याला बाजारातल्या सगळ्या गाड्यांचं ॲव्हरेज तोंडपाठ. तिसरे शेजारचे आनंदराव, जे निवृत्त झाल्यापासून कुठल्याही विषयावर मत द्यायला मोकळे असतात. मी चहा नेऊन देत होते. जिला खरोखर जायचं होतं ती माझी सासू, बायजाबाई, आत लसूण सोलत होती. तिला कुणी हाक मारली नाही.

माझी नणंद रीना सहा वर्षांपासून तिकडं आहे, ल्यों नावाच्या शहरात, एका प्रयोगशाळेत. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या नातीला अजून हातात घेतलेलं नाही, फक्त मोबाइलवर पाहिलंय. रीनानं मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा तिघांना बोलावलं होतं. विमानानं पॅरिसला उतरायचं, दोन दिवस शहर पाहायचं, मग ल्योंला तिच्या घरी, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून समुद्रावर. पॅरिसहून ल्यों रेल्वेनं दोन तास, गाडीनं पाच. एवढं साधं गणित होतं. पण विनोदनं तोवर परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला होता, आणि तो ज्या पतसंस्थेत शाखाधिकारी आहे तिथल्या शिपायापासून आमच्या भाजीवालीपर्यंत सगळ्यांना दाखवून झाला होता. आता माघार घेणं म्हणजे नाक कापलं जाणं.

"ट्रेननं तं कोनीबी फिरते," विनोद म्हणाला. "तसंच फिराचं तं वरठीचं टेसन काय वाईट हाये?"

"अन् तिकडच्या गाड्या थांबतच नाहीत म्हणे," आनंदराव म्हणाले. "बाईमाणसाईले चढताच येत नाही."

हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. मी दारातून म्हटलं, "आईंना गाडी लागते."

"तिकडचे रस्ते गुळगुळीत असतात. तिकडं कोनाले गाडी लागत नाही," विनोदनं निकाल देऊन टाकला.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आईंना कारमध्ये किंवा एसटीत बसवून कुठं नेलं आणि त्यांना उलटी झाली नाही, असं मला आठवत नाही. लाखनीच्या लग्नाला, साकोलीच्या बारशाला, तुमसरला डोळे तपासायला, सगळीकडं तेच. माझ्या पर्समध्ये लिंबू आणि प्लास्टिकच्या दोन पन्न्या कायमच्या. सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसलं की गाडी लागत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून त्या पेपरवर बसतात. पेपर फाटतो, चुरगळतो, उलटी व्हायची ती होतेच. मग लग्नमांडवात पोचल्यावर त्या मागे नळाशी जाऊन तोंड धुतात, पदर पिळतात आणि वास जाईपर्यंत बाहेर बसून राहतात. रेल्वेत मात्र त्यांना काही म्हणजे काही होत नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वरठीहून गाडीत चढतात, नागपूरपर्यंत उभ्यानं जातात, बायांसोबत गाणी म्हणतात आणि ताज्यातवान्या उतरतात. हे विनोदलाही माहीत आहे. तो त्यांचाच मुलगा आहे.

तर विनोदच्या डोक्यात आलं की जायच्या आधी उजव्या बाजूनं गाडी चालवायचा सराव करायचा. तिकडं उजवीकडून चालवतात ना. हायवेवर असला प्रकार करता येत नाही, मग रिकामा रस्ता कुठं मिळेल? तर डोमामामाच्या गावाला.

डोमामामा म्हणजे आईंचा धाकटा भाऊ. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावठाणात सरकारनं पट्टीनं आखावेत तसे रस्ते पाडलेत, रुंद आणि सरळ. माणसं मात्र निम्मीच राहिली, कारण शेती गेल्यावर पोरं नागपूरला कामाला गेली. अर्ध्या घरांना कुलपं. आईंना तिथं गेलं की माहेरी आल्यासारखं वाटतं आणि वाटतही नाही, असं त्या म्हणतात. विनोदला तिथं फक्त रस्ते दिसले.

"आईची मामाशी भेटबी होऊन जाईल," तो म्हणाला. मला तेव्हाच शिसारी आली. आपल्या कामाला आईच्या मायेचं वेष्टन लावायची ही त्याची जुनी सवय.

"पण तिकडं स्टिअरिंगपण डावीकडं असतं," मी म्हटलं. "आपल्या गाडीत उजव्या बाजूनं चालवून काय शिकाल?"

"ते नंतर पाहू," तो म्हणाला. मी शाळेत मुलांना शिकवते. तिसरीतल्या पोराला हे समजलं असतं.

रविवारी सकाळी निघालो. विनोद चालवायला, पुढं शेजारी अश्वजित, कारण त्याला व्हिडिओ काढायचा होता. मागं आई आणि मी. पुढच्या सीटवर आईंना कमी त्रास होतो, हे मी सांगितलं. "व्हिडिओ मागून येत नाही ना वहिनी," अश्वजित म्हणाला. अड्याळच्या बाजारापाशी पहिली उलटी झाली. विनोद थांबला, पण काच खाली करून नाकाला रुमाल लावून बसला. मी आईंची पाठ चोळत होते आणि बाजाराला आलेल्या बाया थांबून आमच्याकडे बघत होत्या.

डोमामामा गावाच्या तोंडाशीच उभे होते. पांढरा सदरा घालून आले होते, बहीण येणार म्हणून. "जय भीम, बाई," म्हणून पुढं झाले आणि आईंना हात धरून उतरवायला लागले. घरात गोदावरीमामीनं धरणातल्या मासोळीचा रस्सा केला होता, त्याचा वास तिथवर येत होता.

"उतरू नको आई," विनोद म्हणाला. "आधी दोन चक्कर मारून घेऊ. माणसं बसलेली असली की गाडीचा लोड बरोबर समजते."

मामाचा हात तसाच राहिला. लोड! मी विनोदच्या मानेकडं बघत होते. मला वाटलं, या माणसाशी माझं लग्न झालंय हे इथं कुणाला सांगू नये.

"डोमा, पाच मिनिटं," आई म्हणाल्या. मुलगा भावासमोर वाईट दिसू नये म्हणून त्या हसल्या. तेही मला बघवलं नाही.

पाच मिनिटांची वीस झाली. उजव्या बाजूनं जायचं, चौकात वळायचं, परत यायचं. अश्वजित मोबाइल धरून "सही, भाऊ, एकदम पॅरिस!" म्हणत होता. दारादारांतून लोक बाहेर येऊन बघत होते. त्यांनी आपलं गाव सोडून इथं घरं बांधली ती याच्या सरावासाठी नव्हे, हे त्याच्या मनातही आलं नसेल. आईंनी डोळे मिटून लिंबू नाकाशी धरलं होतं. मी दोनदा म्हटलं, थांबवा. "येकच," तो म्हणाला.

त्या एका चक्करला समोरून चिंधूकाका आले. मामाचे शेजारी, सायकलवर, हँडलला पिशवी. ते आपल्या डाव्या बाजूनं नीट येत होते. विनोद त्यांच्या बाजूनं. त्यांना कळेना की ही गाडी आपल्याच अंगावर का येतेय. त्यांनी घंटी वाजवली, मग सायकलसकट कडेच्या नालीत उतरले. विनोदनं करकचून ब्रेक दाबला. आई पुढच्या सीटवर आदळल्या, आणि जे इतका वेळ दाबून धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. पन्नीत नाही. सीटवर, पदरावर, माझ्या हातावर.

"दिसत नाही का बे? बाजूनं चाल ना!" विनोदनं काच खाली करून चिंधूकाकांवर आवाज चढवला.

"बाजूनंच तं चाललो होतो, बापू," नालीतून सायकल काढत ते म्हणाले. लागलं नव्हतं. पिशवीतले तांदूळ सांडले होते, ते वेचायला लागले. मग विनोद खाली उतरला, मागचं दार उघडलं, सीटकडं पाहिलं आणि दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"आई, तिकडं भाड्याच्या गाडीत असं केलं ना, तं दंड भरा लागते," तो म्हणाला. "भावना, बादली आण मामीकडून."

सगळं गाव बघत होतं. ज्या बायांबरोबर आई लहानपणी धुणं धुवायला जात होत्या त्यातल्या दोघीतिघी तिथं उभ्या होत्या. आईंनी तोंड पुसलं, खाली उतरल्या आणि कुणाकडंही न बघता भावाच्या घराकडं चालायला लागल्या. उलटीच्या वासाची मला इतक्या वर्षांत सवय झाली आहे. त्या दिवशी मला नवऱ्याची किळस आली, अंगावर काटा येईल अशी.

मामीनं त्यांना न्हाणीत नेलं, आपलं पातळ नेसायला दिलं. त्या ओल्या केसांनी ओसरीवर येऊन बसल्या. ताट वाढलं होतं, पण त्यांनी हात लावला नाही.

"विनोद," त्या म्हणाल्या, "मी नाही येत फ्रान्सले. तुमी दोघं जा. नातीले मोबाइलवरच पाहीन."

डोमामामा काही बोलायला गेले. विनोदनं क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, आई, आपण रेल्वेनं जाऊ.

"बरं," तो म्हणाला. "मंग लहान गाडी पुरते."

अश्वजितनंही मान खाली घातली. मी तोंडातला घास तसाच ताटात काढून ठेवला.

रविवारी दुपारी रीनाचा फोन येतो. त्या दिवशीही आला, आईंच्या मोबाइलवर, चेहरा दिसणारा. मांडीवर बाळ होतं.

"आई, कोनाचं पातळ नेसली तू? केस काहून ओले हायेत?"

"ओकारी झाली बापा. गाडी लागली."

"मंग गाडीत बसली कायले? अन् तिकडं पाच तास कशी बसशील? मी दादाले हजारदा म्हटलं, आईसाठी ट्रेन बरी. पन तोच म्हणे, आईले ट्रेनचं भेव वाटते, आईच म्हणते गाडीच पाहिजे. म्हणून मी गप्प बसली."

आईंनी मोबाइल थोडा खाली केला आणि विनोदकडं पाहिलं.

"मह्या नावानं काहून सांगतलं?"

विनोद उठून उभा राहिला. "तसं नाही आई. मी सगळ्याईले सांगून बसलो होतो ना, की मी चालवनार. ऑफिसात, सगळीकडं. तुह्या नावानं सांगतलं तं रीना आयकेल असं वाटलं." मग जरा चिडून म्हणाला, "त्यात येवढं काय झालं?"

त्याला खरंच कळत नव्हतं. तेच मला सगळ्यात घाण वाटलं. लबाडाला आपली लबाडी माहीत तरी असते.

आईंनी मोबाइल परत तोंडासमोर धरला. आवाज बसला होता, पण त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"रीना, आयक. मले ट्रेनचं भेव नाही वाटत. मले गाडी लागते. मले तुह्या पोरीले पाहाचं हाये. मह्यं ट्रेनचं तिकीट काढ. बाकीच्याईले तू इचार."

"येकटी कशी जाशील आई?" विनोद म्हणाला. "तुले तिकडच्या पाट्या वाचता येतात का?"

"तुले येतात का?" आई म्हणाल्या.

डोमामामा पहिल्यांदा हसले. विनोदचे कान लाल झाले. रीनानं विचारलं, "वहिनी, तुमचं काय करू?"

मी उत्तर द्यायच्या आत विनोद बोलला. "भावना मह्यासंगं गाडीत राहील. रस्ता पाहून द्याले कोनी पाहिजे ना. अन् आई ट्रेननं जाते म्हणते, तं जाऊ दे, स्टेशनवर सोडून देऊ, तू उतरवून घे." तो माझ्याकडं पाहत नव्हता. पाहायची गरज त्याला अकरा वर्षांत कधी पडलीच नव्हती.

मी प्रत्येक वेळी "आईंना गाडी लागते" एवढं एकदा म्हणायची आणि मग लिंबू, पन्नी, पेपर घेऊन गाडीत बसायची. आपण आपलं काम केलं असं मला वाटायचं. खरं तर मी त्यांना दरवेळी धरून त्या गाडीत बसवत होते. विनोदला आईंचे हाल दिसत नव्हते, मला दिसत होते, आणि तरी दार मीच लावून घेत होते.

"रीना," मी म्हटलं, "दोन काढ. एक आईंचं, एक माझं."

"अन् मी?" विनोद म्हणाला.

"तुमच्याकडं परवाना आहे," मी म्हटलं.

त्यानं आईंकडं पाहिलं. आईंनी ताट पुढं ओढलं आणि मामीला रस्सा वाढायला सांगितला. मग त्यानं परत माझ्याकडं पाहिलं, नीट, बऱ्याच वर्षांनी. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला माझ्याच हातांचा वास येत होता, आणि डोक्यात एकच येत होतं, की एवढं एक वाक्य म्हणायला मी या बाईला अकरा वर्षं ओकू दिलं.