सकाळी नऊ वाजताची रात्र

एकदा सुनीतीवहिनींनी नवस बोलला. कर्वेनगरमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, देव्हाऱ्यापुढे पदर पसरून त्या म्हणाल्या, "गणराया, ह्यांना स्वस्थ झोप लागू दे. ती लागेपर्यंत मी दिवसा पाठ टेकणार नाही." मग निरांजनातली वात सारखी केली आणि कामाला लागल्या. मी त्या घरात आलो तो त्यानंतर महिन्याभराने. पण माझी गोष्ट त्या नवसातूनच उगवली, म्हणून तो आधी सांगितला.

मी मनगटावरचा पट्टा बोलतोय. दिसायला घड्याळासारखा, पण मला ना काटे, ना आकडे. माणसाची हालचाल मला कळते, नाडी कळते, आणि अंगावरच्या काचेच्या ठिपक्याने उजेड कळतो. किती वाजले हे मला विचारू नका. माणूस किती झोपला, ते मी सांगतो.

कारखान्यात घडलो, खोक्यात बसून आलो आणि जागा झालो तो पुण्यातल्या एका संशोधन केंद्राच्या टेबलावर. रात्रपाळीने ज्यांची झोप मोडली आहे, अशांसाठी एक नवं औषध निघालं होतं. ते लागू पडतं का, हे पाहायला एकशे वीस माणसं हवी होती. बारा आठवडे कामावरून घरी आलं की एक गोळी घ्यायची, दिवसरात्र पट्टा बांधायचा आणि उठल्यावर झोपेच्या वहीत चार ओळी लिहायच्या. निम्म्यांच्या गोळीत औषध, निम्म्यांची गोळी दिसायला तशीच, पण आत औषध नाही. कुणाला कुठली हे त्या माणसालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. ते एका मोहोरबंद लखोट्यात, आणि लखोटा अगदी शेवटी उघडायचा.

हे ऐकून मी थक्क झालो. आपल्या वाट्याला कदाचित काहीच येणार नाही हे माहीत असूनही माणसं सही करत होती.

त्यांतलेच एक अवधूतराव, सुनीतीवहिनींचे यजमान. अकरा वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीची बस रात्रपाळीला चालवत होते. एका पहाटे त्यांचा डोळा लागला, पापणी लवावी एवढाच. बस दुभाजकाला घासत गेली. मागे चाळीस माणसं ह्यांच्या भरवशावर झोपली होती. कुणाला ओरखडा आला नाही. पण अवधूतराव बस बाजूला घेऊन कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. पुन्हा असं झालं तर देव दरवेळी हात देईल का, हा एकच प्रश्न घेऊन ते घरी आले. नवस त्याच सकाळचा.

केंद्रातल्या डॉक्टर सलोनींनी त्यांना संमतीचा कागद मराठीतून वाचून दाखवला. गोळीनंतर आठ तास गाडी चालवायची नाही, कधीही मधूनच सोडून जायची मुभा आहे, सगळं समजावलं. वहिनींनी हळूच विचारलं, ह्यांच्या वाट्याला खोटी गोळी आली तर?

"खोटी म्हणू नका, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "ती घेणारा माणूस नसेल, तर खरीची परीक्षा घ्यायची कशी?"

वहिनींनी नकळत हात जोडले. त्या क्षणी मला त्यांच्या मनातलं कळलं: हेही एक व्रतच आहे, फळ दुसऱ्याला मिळालं तरी चालेल असं.

घरी येताच त्यांनी मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. नेमकं काचेच्या ठिपक्यावर. दोन दिवसांनी पहिल्या भेटीत उजेडाची कोरी नोंद पाहून डॉक्टर बुचकळ्यात पडल्या, की दोन दिवस हा माणूस तळघरात होता की काय. अवधूतराव म्हणाले, नाही, कुंकवाखाली होता. डॉक्टरांनी हसू दाबत मला पुसलं.

मग मी त्या घरचा दिनक्रम शिकलो. साडेआठला अवधूतराव यायचे, आंघोळ, दोन घास, गोळी, आणि नऊला जाड पडदा ओढून आडवे व्हायचे. समोरच्या द्वारकाकाकूंच्या दारावर 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' अशी पाटी, पण सकाळी दहाला त्या कढीलिंबासाठी ह्यांची बेल वाजवायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "चालू दे. आमचं दूध तापायचं असतं तेव्हा काहींची झोपायची वेळ होते, नशीब लागतं." दुपारच्या झोपेला ह्या शहरात मान आहे. सकाळच्या झोपेला नाही.

वहिनी खोलीच्या दाराशी पाटावर बसायच्या. भिंतीला टेकायच्या नाहीत, हातात जपमाळ. कुकर लावायच्या त्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या जावेकडे नेऊन, शिट्टीने ह्यांची झोप मोडू नये म्हणून. आणि तासातासाने दार अलगद ढकलून आत यायच्या, त्यांच्या कपाळावरून हात फिरवायच्या, ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणायच्या.

अवधूतराव डोळे मिटून पडलेले. श्वास संथ. पण नाडी माझ्या पोटाखाली होती. मला कळायचं की हे जागे आहेत. झोपेचं सोंग घेतलेला माणूस झोपलेल्यापेक्षा जास्त स्थिर असतो, हे मी त्या घरात शिकलो.

तीन वाजता ते उठायचे. वहिनी विचारायच्या, झाली का झोप. ते म्हणायचे, "झाली की." वही त्यांच्यापुढे सरकवली तर म्हणायचे, "तूच लिही गं. तुझं अक्षर बरं."

वहिनी त्यांच्या लाल डोळ्यांकडे बघायच्या. काय झालंय ते त्यांना उमगायचं. पण लहानपणापासून त्यांना शिकवलेलं होतं, की घरात वाईट बोलू नये. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. तोंडून निघालेलं 'नाही' ती खरं करते. मग लिहिलेल्या 'नाही'चं काय? म्हणून त्या पानाच्या माथ्यावर 'श्री' काढायच्या आणि खाली लिहायच्या, 'झोप उत्तम. सहा तास.' वास्तूने निदान एवढ्यावर तरी तथास्तु म्हणावं. अशी अठ्ठावीस पानं भरली. लबाडी म्हणून त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. ती प्रार्थना होती. पण प्रार्थना आणि नोंद वेगळी असते, हे मला सांगता येत नव्हतं.

चार आठवड्यांनी केंद्रात भेट होती. डॉक्टरांनी माझ्यातली नोंद कागदावर काढली आणि वहीशेजारी ठेवली.

"वही सहा तास म्हणतेय, काका. पट्टा म्हणतोय दोन तास दहा मिनिटं."

"पट्टा बिघडला असेल," अवधूतराव पटकन म्हणाले.

माणूस बायकोला पाठीशी घालतो तेव्हा यंत्राने वाईट वाटून घेऊ नये. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"पट्टा खरा आहे. वही मी लिहिली."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, तथास्तुसकट. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "काकू, ही वही एकट्या काकांची नाही. एकशे वीस वह्या एकत्र होणार. त्यावरून ठरणार, ही गोळी द्यायची की नाही. उद्या कुठल्यातरी गावात कुणी ड्रायव्हर हिच्या भरवशावर गाडीत बसेल. त्याला तुमच्या वहीने काय सांगितलेलं असेल?"

वहिनींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांना भीती वाटली हे खरंच, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत उतरलं. आपण स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून ज्या ओळी लिहिल्या, त्या न पाहिलेल्या माणसांपर्यंत पोचणार होत्या. एवढ्या दूर आपला हात जातो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी मग कागदावर बोट ठेवलं. दहा, अकरा, बारा; दर तासाला नाडी उसळत होती. हे काय आहे?

अवधूतराव जमिनीकडे बघत म्हणाले, "ही येते बघायला. दिवसभर दाराशी बसते, पाठ न टेकता. ती तिथे ताटकळतेय हे माहीत असताना मला कशी झोप यावी? ती आत आली की डोळे मिटून पडतो. तेवढंच तिला बरं वाटतं."

नवस देवाला बोलले आणि त्याचा भार ह्यांच्या उरावर ठेवला, एवढंच वहिनींच्या मनात आलं असावं. कारण संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे त्या नेमकं हेच म्हणाल्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. झोपेची नोंद एकवीस दिवस धड दिसेपर्यंत काकांनी बस चालवायची नाही. आणि वहीची चूक अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावीच लागेल. अवधूतराव ह्या अभ्यासात राहतील की नाही, ते समिती ठरवेल. आठवडाभर घरात उदासी होती. कंपनीने त्यांना रात्रीच्याच पाळीत आगारात बस तपासायच्या कामावर घेतलं. मग निरोप आला: राहू द्यावं. ती अठ्ठावीस पानं कारणासह बाजूला काढली जातील, आणि इथून पुढे वही त्यांनी स्वतः लिहायची.

दुसऱ्या दिवशी अवधूतरावांनी आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं, 'दोन तास. धड झोप नाही.' वहिनींनी ते वाचलं. घर होतं तिथेच उभं होतं.

त्यांनी नवस मोडला नाही, पण देवाची क्षमा मागून तो बदलून घेतला: खरं तेच सांगेन, आणि तुझ्या साक्षीने पाठ टेकेन. पाट आत ठेवला. नऊ वाजता त्याही बाहेरच्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या. द्वारकाकाकूंना त्यांनी सगळी हकिगत सांगितली, बसची सुद्धा, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. काकू ऐकून घरी गेल्या. संध्याकाळी एक पाटी घेऊन आल्या आणि स्वतःच ती ह्यांच्या दाराला अडकवली: 'या घरी सकाळी नऊ ते दुपारी तीन रात्र असते. बेल वाजवू नये.'

"कढीलिंब माझ्या कुंडीतही आहे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तोडायचा कंटाळा करत होते."

सहाव्या आठवड्यातली एक सकाळ. अवधूतराव पडले, कूस बदलली, आणि मग ती नाडी, जी कायम दारावर थाप पडेल म्हणून दबा धरून असायची, पायरी पायरीने खाली उतरू लागली. हात जड झाला. बोटं उघडली. अकरा वर्षं न दिसणारं स्टिअरिंग धरून असलेली ती बोटं एकेक करून सुटली. मी कधी झोपलेलो नाही, झोपणारही नाही. पण माणूस सगळं खाली ठेवून असा विसावतो, तेव्हा देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. पाच तास वीस मिनिटं. बाहेर चटईवर वहिनीही घोरत होत्या, अगदी हलक्या.

ही गोळीची किमया, की पडद्याची, की उघड झालेल्या दोन मनांची? मला माहीत नाही. लखोटा अजून उघडलेला नाही. दहाव्या आठवड्यात ते पुन्हा बसवर गेले. बाराव्यात डॉक्टरांनी मला सोडवलं. अवधूतरावांनी क्षणभर मला तळहातावर धरलं आणि मग टेबलावर ठेवलं.

आता मला पुसून, नवा नंबर देऊन मुक्ताईंच्या हातावर बांधलं आहे. त्या विश्रांतवाडीच्या, नर्स आहेत, रात्रपाळीच्या. त्यांच्या घरचा दिनक्रम मी शिकतो आहे.

तुमच्याही घरी रात्री जागून काम करणारं कुणी असेल, तर एक करा. सुनीतीवहिनींनी शेवटी केलं तसंच. त्यांच्याजवळ बसा, जे असेल ते ऐकून घ्या, आणि जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. ज्यांची नावं तुम्हाला कधीच कळणार नाहीत, त्यांच्या उशाशी तुमचं ते खरं जाऊन पोचतं.