खैराचा सातवा दात

मी एक जुनं दाताळं आहे, मित्रांनो. लांब दांड्याचं, पालापाचोळा ओढायचं. हसू नका! अंगणातला कचरा ओढणारं दाताळं निराळं आणि वणव्यासमोर उभं राहिलेलं निराळं. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि याचा मला भारी अभिमान आहे.

गंगाखेडकडच्या डोंगराखाली एका गावात मुंजाजी सुतारानं मला घडवलं. बाभळीचे आठ दात, बांबूचा दांडा. "खडकावर आपटू नको रे," असं बजावून त्यानं मला नागसेनच्या हाती दिलं.

नागसेन वनखात्यात मजूर होता. वणवा विझवणं हे त्याचं काम. त्याला कारखान्यात कायमची नोकरी चालून आली होती. दोन दिवस गेला आणि परत आला. "पत्र्याखाली जीव घुसमटायलाय माझा," असं त्यानं घरी सांगून टाकलं. डोंगरात मात्र हा माणूस शीळ घालत फिरायचा. कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, ते त्याला तोंडपाठ होतं.

उन्हाळा लागला की आम्ही जाळरेषा काढायचो. म्हणजे तीन-चार हात रुंदीचा पट्टा पार मातीपर्यंत साफ करायचा. खायला पालाच उरला नाही, की आग तिथंच थांबते. किती वणवे अडवले म्हणून सांगू!

एका चैत्रात माझा सातवा दात खडकावर मोडला. "उद्या मुंजाजीकडं नेतो," नागसेन म्हणाला. त्याचा उद्या आठ दिवस काही उजाडला नाही.

नवव्या दिवशी दुपारी खाली कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. वारा फिरला आणि जाळ डोंगर चढू लागला. वर घळीत बायनाबाई वीस बकऱ्या चारत होती. म्हातारी एकटी, सगळं पोट त्या बकऱ्यांवर. बाहेर पडायची वाट एकच, आणि जाळ त्याच वाटेवर येत होता. नागसेन मला घेऊन धावला आणि घळीच्या तोंडापुढं सपासप रेषा ओढू लागला.

जाळ रेषेपाशी येऊन थांबला. मी फुशारलो. पण मोडक्या दाताच्या जागी दर ओढीला पानांची बोटभर ओळ मागं राहिली होती, या काठापासून त्या काठापर्यंत. तिच्यावरून आग तुरुतुरु पलीकडं निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नागसेन गुडघ्यांवर बसला आणि जळती ओळ त्यानं दोन्ही तळहातांनी पुसून काढली. मग दुसरी, मग तिसरी. उरलेल्या ओळी मला फिरवून साफ केल्या.

बायनाबाई कळप घेऊन बाहेर आली. "आरं नागसेन, हात बघ की तुझे!"

"हात ऱ्हाऊ दे मावशी, आदी बकऱ्या मोज."

वीसच्या वीस भरल्या.

पुढं त्याचा सत्कार झाला. खांद्यावर शाल, हातांना पट्ट्या. बोला म्हटल्यावर तो म्हणाला, "दात मोडलेला मला ठाऊक होता. आळस मीच केला. आग रेषा ओलांडून गेली ती त्याच्यामुळं." तिथून तो थेट मुंजाजीकडं गेला आणि मुंजाजीनं मला खैराचा दात बसवला. लोक सोन्याचे दात मिरवतात, मी हा लालसर दात मिरवतो.

नंतर पाला उडवणारं यंत्र आलं आणि मी पडवीत पडलो. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. लय राग यायचा! नागसेनही थकला. शेवटच्या आजारात त्यानं बाज अंगणात टाकायला लावली, डोंगर दिसेल अशी, आणि तिथंच त्यानं डोळे मिटले. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

यंदा त्याची लेक धम्मशीला वनरक्षक झाली. खडकाळ घळीत यंत्र जात नाही, म्हणून ती मला न्यायला आली. वाटलं, आधी धूळ झटकेल. तिनं माझ्या दातांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन... सातव्यावर बोट जरा थांबलं. "आठबी हायत, बाबा," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या अवजाराचा एखादा दात मोडला, तर उद्यावर टाकू नका. माझ्या नागसेनचे तळहात पुन्हा कधी पुरते उघडले नाहीत. चला, निघतो मी. धम्मशीलानं मला खांद्यावर घेतलंय, आणि डोंगरात काम पडलंय.