इत्तोची हाक आणि कुरणावरचा धूर

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. ट्युनिस शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राच्या कपाटात पडून असतो. मानेला गंज चढलाय, जाळीत धूळ बसलीय; पण माझी कीव करू नका. मी जे ऐकलंय ते ऐकायला नव्या चकचकीत माइकांना सात जन्म घ्यावे लागतील.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा केवढा तोरा! मंत्री बोलले, गवई गायले, मी फुशारलो. पण मला माणसात आणलं ते इत्तोनं. दूर मोरोक्कोच्या डोंगरातली ही वार्ताहर रोज अरबीत बातम्या वाचायची आणि आठवड्यातून एकदा आपल्या डोंगरी बोलीत बोलायची. तेव्हा तिकडचे मेंढपाळ ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे.

एका सकाळी तिच्या देशात धरणी हलली. गावात आई, आणि फोन बंद. दुपारच्या बातम्यांचा कागद तिच्या हातात आला. तिच्या गावातली सगळी घरं कोसळली आहेत, ढिगाऱ्यातून हूं की चूं नाही, कोणी वाचलं नसावं, असं त्यात लिहिलं होतं.

"सी मुंजी, हे मी वाचणार नाही," ती केंद्रप्रमुखांना म्हणाली.

"पोरी, तुझं दुःख कळतं गं. पण बातमी ती बातमी."

"अहो, आज आमचं कुरण उघडतं! महिनोन्महिने चराई बंद ठेवून राखलेलं. पहाटेच अख्खं गाव वर चढतं, म्हाताऱ्यांना खेचरावर बसवून नेतात. त्या दिवशी घरी राहिला त्याला वर्षभर आळशी म्हणतात. माझी आई तर सगळ्यांच्या पुढे!"

"असतील वर. पण वाट बुजलीय. कुणाला कळणार?"

"त्यांनीच कळवायचं. ट्रान्झिस्टर असतो त्यांच्याजवळ. माइक द्या."

सी मुंजींनी कपाळाला हात लावला. "घे बाई. नोकरी गेली तर तुझ्या आईच्या शेळ्या राखीन."

इत्तो आपल्या बोलीत बोलली, "कुरणावरच्या माणसांनो, मी इत्तो. खाली उतरू नका, कडे ढासळतायत. ओला पाला पेटवा, धूर वर जाऊ द्या." मग अरबीत हेलिकॉप्टरवाल्यांना म्हणाली, "गावात नाही, वर कुरणावर बघा." तिचा श्वास माझ्या जाळीवर कढत लागत होता. जन्मभर मी नुसता आवाज पुढे ढकलला. त्या दिवशी जीव तोडून ढकलला.

संध्याकाळी हेलिकॉप्टरवाल्यांचा फोन आला. धूर दिसला होता. सगळं गाव जिवंत होतं! पाठोपाठ त्याच फोनवर आईचा खणखणीत आवाज आला, "इत्तो, एवढ्यानं ओरडतात का गं? शेळ्या बुजल्या ना! जेवलीस का?"

सी मुंजी लहान मुलासारखे रडले. इत्तो माझ्यावर डोकं टेकून हसली, रडली. मग डोळे पुसून तिनं शेजारच्या खोऱ्यांतल्या बातम्या वाचल्या. तिथून उत्तर आलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाला मेलेलं म्हणण्याआधी, त्याच्या बोलीत एकदा हाक मारून बघा.