खंडेनवमीची सायकल

लाल. ब्रेकच्या रबराला ज्या बारीक खाचा असतात त्यांत काहीतरी लाल बसलं होतं, वाळून घट्ट झालेलं, पिनेने टोकरलं तर जेमतेम निघेल इतकंच... गंज असणार, दुसरं काय, असं स्वतःशी म्हणत भाग्यश्री जिन्याखालच्या अंधारातून उजेडात सरकली, ते रबर तळहातावर उताणं ठेवलं आणि त्याच्याकडे बघून चक्क हसली. कारण सकाळपासून या सायकलचा एकेक भाग असाच उताणा पडून तिच्यापुढे कबूल होत होता – आधी ब्रेकची वायर, मग स्प्रिंग, मग हे दोन काटे – आणि कबूल करून घेण्यात काय मजा असते हे नववीत आल्यापासूनच तर तिला कळलं होतं.

उन्हाळ्यात इस्त्री बिघडली तेव्हा ती तिने उघडली होती. उघडली आणि झालीच! मग कुकरची शिट्टी, मग शेजारच्या कुसाबाईंचा बारा वर्षं मुका असलेला रेडिओ. उघडलं की कळतं. इतकं सोपं असतं सगळं, आणि ही मोठी माणसं नुसती वरून थापट्या मारत बसतात. शाळेच्या मुलींची दिवाळीच्या सुट्टीत त्र्यंबकला सायकल सहल निघणार होती आणि भाग्यश्रीने जेवताना, कोशिंबीर वाढून घेता घेता, सरळ म्हणून टाकलं होतं की मी अप्पांची सायकल घेऊन जाणार. आईच्या हातातला चमचा थांबला होता. अप्पांनी भातात बोटं फिरवत, वर न बघता, एवढंच म्हटलं होतं –

"आधी ब्रेक. मग बोल."

वर्षभरात सायकलविषयी ते बोललेलं पहिलं वाक्य. म्हणून तर आज खंडेनवमीची सुट्टी, आई वर हत्यारं धुतेय, आणि ही इथे खाली गोणपाट काढून.

तशी ती नुसती सायकल नव्हतीच. दोनेक वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पातल्या एका कॅप्टनची बदली झाली तेव्हा अप्पांनी त्याच्याकडून ती घेतली होती, लांब पल्ल्याची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायची सोय, आणि गिअर. अप्पा तिच्यावरून वणीला गेले, घोटीला गेले, एकदा तर पार सापुताऱ्याला. प्रेसमध्ये आठवडाभर मान घालून बसणारा हा माणूस रविवारी संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला धुळीचा, घामाचा आणि कुठल्यातरी लांबच्या गवताचा वास यायचा. भाग्यश्री दारातच त्यांना विचारायची, "आज काय दिसलं?" आणि ते बूट काढता काढता सांगत बसायचे. पेठच्या रस्त्याला माकडाने केळी कशी पळवली... आणि मग ते चहा पिताना... नको. चहाचं नको.

चहा ते आता दोन्ही हातांनी पितात. लहान मूल दुधाचा पेला धरतं तसे.

गेल्या दसऱ्याची सकाळ. चांदवडच्या रेणुकेला जायचं म्हणून अप्पा उजाडता उजाडता निघाले. कॉलनी संपते तिथे उतार आहे, उताराच्या तोंडाशी हायवे, आणि हायवेवर कांद्याचा ट्रक. ट्रकवाल्याने वेळेवर वळवलं म्हणून... अप्पा मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळले. मांडीचं हाड. आई आणि ती दवाखान्यात पोचल्या तेव्हा पांढऱ्या चादरीखालून, कुणी काही विचारायच्या आत, अप्पा आईकडे बघत म्हणाले होते, "हाताने दगा दिला गं माझ्या. दाबलाच गेला नाही."

हाड जुळलं. हाताला काही झालेलंच नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. पण अप्पांनी स्कूटर विकली. दाढीला न्हाव्याकडे जायला लागले. बसमध्ये उभं राहायची वेळ आली की उजवा हात खिशात घालतात आणि डाव्याने दांडी धरतात, हे तिने शालीमारच्या स्टॉपवरून स्वतः पाहिलं होतं. पाहिलं आणि दुसऱ्या बसने घरी आली होती. त्या घरात तेव्हापासून सगळं हळू चालतं. पंखासुद्धा.

आणि आज सकाळी – म्हणूनच तर ती एकटीच हसत होती – आज सकाळी तिने सायकल उलटी उभी केली, पुढचं चाक नुसत्या हाताने भिंगरीसारखं फिरवलं आणि ब्रेक दाबला. वायर सैल नव्हती. दोन्ही काटे बरोबर आत येत होते, दोन्ही रबरं रिमला दोन्हीकडून टेकत होती. चाक फिरत राहिलं. तिने दोन्ही हातांनी दाबला, दात आवळून, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत – आणि चाक फिरतच राहिलं, किंचित कुरकुरत, निगरगट्टासारखं, आणि मग आपल्याच मर्जीने थांबलं. मागचंही तसंच.

म्हणजे हात नव्हताच! माझा हात काय म्हातारा आहे? माझ्या हाताला काय झालंय? तरी थांबलं नाही ना? अप्पा, तुमचा हात दाबत होता. तुम्ही वेळेवर दाबला होता. दोष ब्रेकमध्ये होता, वर्षभर इथे गोणपाटाखाली पडून होता, आणि तुम्ही बिचाऱ्या हाताला खिशात कोंडून ठेवलंत... ती धावत वर जाणारच होती. पण नुसतं "दोष ब्रेकमध्ये होता" असं सांगून कसं चालेल? काय दोष, हे नको का हातात? म्हणून तिने रबर काढलं.

"काय गं मेकॅनिक, किती राहिलं?" फाटकातून अरफा आली. वर्गात शेजारी बसणारी, हिच्या सगळ्या उपद्व्यापांत बरोबर. हातात घडी केलेला पॉलिश पेपर. "घे. अब्बू म्हणाले, परत आणायचा नाही म्हणावं, आणि बोटंही घासू नको म्हणावं."

"हे बघ, रबर कसं झालंय. काचेसारखं."

"गुळगुळीत आहे की. मग धरणार कसं? दाखव..." अरफाने ते नाकाजवळ नेलं, कारण तिला प्रत्येक गोष्ट नाकाजवळ न्यायची सवयच होती, वह्यासुद्धा. आणि तोंड वाकडं केलं. "शी! खवट खोबरेल. तुमच्याकडे सायकलची वेणीफणी पण करतात का गं?"

भाग्यश्री हसायला लागली. अर्धं हसून झालं आणि उरलेलं अर्धं तिथेच राहिलं, कारण आता तिला आठवलं की रिम ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. हे विज्ञानाच्या पेपरात आलं होतं, तिने बरोबर लिहिलं होतं.

...आई ओट्यावर बसलीय, नाही, ओट्याच्या पायरीवर, गेल्या खंडेनवमीची संध्याकाळ, समोर विळी, हातोडी, शिवणयंत्राची कात्री, आणि बाजूला ती सायकल. खोबरेलाची वाटी. आईने पदर खोचलाय आणि जुन्या मऊ लुगड्याच्या बोळ्याने ती सायकल पुसतेय, दांडी, हँडल, मग चाकं, एक एक तार, आणि रिमवरून बोळा गोल गोल गोल. "कॅप्टनच्या घरात हिला कुणी तेलपाणी केलं असेल का? कशी रुक्ष दिसत्ये." मग तेलात कालवलेलं कुंकू, म्हणजे चिकटून राहतं, आणि रिमवर पाच-पाच बोटं. झेंडूचा हार. अप्पा दारात उभे, हसताहेत, "आरसा केलास गं सायकलीचा!" आणि आई लाजलीय, इतक्या वर्षांनी, मुलगी समोर असताना...

"काय झालं?" अरफा म्हणाली.

"काही नाही. घासू या."

रबर घासलं की काळी भुकटी पडते. आधी चकाकी गेली, मग खालचं मळकट, खरबरीत रबर वर आलं. अरफा रिमला साबणाचं पाणी लावत गाणं गुणगुणत होती. वरच्या गॅलरीतून आईचा आणि कुसाबाईंचा आवाज येत होता, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला, आणि भाग्यश्रीला नको असताना त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अहो, ट्रकखाली जायचं माणूस ते," आई म्हणत होती. वर्षभरात हे किती जणींना सांगून झालं असेल! "पण आदल्याच दिवशी चाकांना कुंकू लावलं होतं मी माझ्या हातांनी. त्यानंच राखलं."

"मग काय तर! आमच्या रिक्षाला पण तुम्हीच लावत जा बाई. माझं कुंकू काही लागू पडत नाही, परवाच पंक्चर."

दोघी हसल्या. आईचं हसू. त्या दसऱ्यानंतर आई फक्त ही गोष्ट सांगतानाच अशी हसते. रात्र-रात्र दवाखान्याच्या बाकावर बसून काढली ती या एकाच गोष्टीला धरून. मी लावलं होतं म्हणून वाचले...

आता वर जाऊन काय सांगायचं? अप्पा, तुमच्या हाताचा दोष नव्हता. मग कशाचा? ब्रेकचा. ब्रेकला काय झालं होतं? – आणि अप्पा विचारणारच, आठवडाभर प्रेसमध्ये बारीक अक्षरं तपासणारा माणूस आहे तो, असा अर्धवट सोडणार नाही. एकाचा हात सोडवायचा तर दुसरीचा पकडून द्यायचा. दोन्ही हात एकाच घरातले, एकाच ताटाशी बसणारे... कुकरच्या शिट्टीत असं काही नव्हतं गं. तिथे नुसता तांदळाचा दाणा होता.

अरफा गेली तेव्हा दोन्ही चाकं थांबत होती. बोटाने नुसतं दाबलं की खट्‌कन जागच्या जागी. "झकास! आता मुंबईपर्यंत जा," असं म्हणून ती गेली, आणि भाग्यश्री कितीतरी वेळ चाक फिरवून थांबवत राहिली, फिरवून थांबवत राहिली, आणि तिला अजिबात आनंद झाला नाही. पुढचं एक जुनं रबर तिने बसवलंच नव्हतं. कॅप्टनने सायकलबरोबर दिलेल्या पिशवीत एक सुटं सापडलं, ते लावलं. जुनं मुठीत होतं, तसंच, न घासलेलं.

आणि मग, ती नळावर हात धूत असताना, तिला ते सुचलं. सुचायला नको होतं. दवाखान्यात अप्पांना कुणी काही विचारलंच नव्हतं. डोळे उघडले, आई समोर दिसली, आणि ते आधी तेच म्हणाले – हाताने दगा दिला. इतकी घाई कशाला? लहानपणापासून सायकल चालवणाऱ्या माणसाला, उतारावर, चाक निसटतंय की बोटं, हे कळलं नसेल? ब्रेक दाबलेला असताना?... कळलं असेल, आदल्या संध्याकाळची खोबरेलाची वाटी आठवली असेल तर? आईकडे बघत म्हणाले होते ते. आईकडे बघत. पण मग चहाचा कप? खिशातला हात? ते खोटं कसं असेल, बसमध्ये तर कुणी बघत नव्हतं. की एखादी गोष्ट इतके दिवस सांभाळली की हातालाही ती खरी वाटायला लागते... पाणी वाहत होतं. तिने नळ बंद केला.

संध्याकाळी आईने पायरीवर पाट मांडला. विळी, हातोडी, कात्री. भाग्यश्रीचा पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हरही तिने कौतुकाने मधोमध ठेवले. "आमच्या घरात आता हे खरं हत्यार." सायकल बाजूला उभी होती, धुतलेली. अप्पा दारात येऊन उभे राहिले, उजवा हात खिशात.

आईने वाटीत बोटं बुडवली. तेलात कालवलेलं कुंकू. आणि चाकाकडे वळली.

"आई, हँडलला लाव."

"अगं, चाकालाच लावतात. चाक चालतं ना. गेल्या वर्षी –"

"यंदा हँडलला लाव ना." आवाज चढला. आईचं मनगट तिच्या हातात होतं, कधी धरलं कुणास ठाऊक.

आईने मनगट सोडवून घेतलं. मग हसली, "बरं बाई, तुझी सायकल, तुझं राज्य," आणि हँडलला पाच बोटं ओढली.

"सापडलं का काही?" अप्पांनी विचारलं.

साधाच आवाज. पण त्यांचे डोळे सायकलकडे नव्हते, तिच्या दुसऱ्या, मिटलेल्या मुठीकडे होते. हे विचारणं आहे की विनवणं, हे भाग्यश्रीला कळेना, आणि पहिल्यांदाच असं झालं की काहीतरी कळत नाहीये आणि ते उघडून बघायची तिला इच्छा नाहीये. मुठीत रबर ओलं झालं होतं. घामाने.

"अजून बघतेय, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. आईने आरती ओवाळायला घेतली. उजेड हँडलवरून फिरला, रिमवरून फिरला, अप्पांच्या पायांवरून फिरला. भाग्यश्री आई-अप्पांच्या मधोमध उभी होती, एक हात सायकलच्या ब्रेकवर, आणि चाक आधीच थांबलेलं असताना तिची बोटं तो दाबूनच होती... सोड, असं ती त्यांना सांगत होती, सोड की आता, आणि बोटं ऐकत नव्हती.