मुदतीआधीची परतफेड

माजिवड्याच्या काळुरामने गोपीनाथ मास्तरांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला, पण कर्जरोख्याचा कागद काही बाहेर काढला नाही.

"अरे, परवा शेवटची तारीख!" मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले. "कंपनी तुझे चार हजार परत करतेय. अंगठा लावून कागद दे, की पैसे हातात."

"मी मांगलेच नाय, त घेऊ कनाला?"

चाळीस वर्षं त्रैराशिक शिकवताना मास्तरांनी कधी छडी उगारली नव्हती. आज मात्र त्यांचे हात शिवशिवत होते. मिठागराचा तुकडा विकून आलेले पैसे काळुरामने त्यांच्याच सल्ल्याने कंपनीला कर्जाऊ दिले होते. सहा टक्क्यांनी वर्षाला दोनशे चाळीस रुपये यायचे, आणि त्यात त्याच्या लेकीचं, शकूचं डोंबिवलीतलं वसतिगृह आणि शाळा नेमकी बसायची.

"मिठाच्या सौद्यात विसार परत घेतला, म्हंजे सौदा मोडला," काळुराम समजावू लागला, जणू मास्तरच पोर होते. "नाय घेतला, त सौदा कायम. मी हातच लावनार नाय. देतील गुमान व्याज."

"नाही रे देणार! तू पैसे घे नाहीतर पडू दे, एक तारखेपासून व्याज बंद. त्यांना आता स्वस्तात कर्ज मिळतंय, तुझं महागाचं कशाला ठेवतील?"

"दहा वर्सं बोललेला तुमी."

"बोललो होतो."

"झाली पाच."

सुट्टीत घरी आलेल्या शकूने फळीवरून कागद काढला आणि मागच्या बारीक इंग्रजीवर बोट ठेवलं. "बाबा, पाच वर्षांनंतर कधीही परत करू, असं लिहिलंय हितं."

काळुरामने मास्तरांकडे पाहिलं. "तवा ह्ये वाचला नव्हता?"

मास्तर पाणी प्यायले. "नाही वाचलं. चूक झाली."

"आता?"

"बँक तीनच टक्के देते. वसतिगृह जमायचं नाही." शकूची मान खाली गेली, तसे मास्तर घाईने म्हणाले, "ती तिथेच डोंबिवलीला आमच्या घरी राहील. शाळेपुरतं व्याज पुरेल."

"फुकट नाय."

"मग मीठ पाठव, तांदूळ पाठव, काय हवं ते पाठव!"

"किती वर्सं ठेवाल?"

"मॅट्रिक होईपर्यंत."

"आन् मधीच परत धाडलीत त?"

"अरे, अंगठा लाव आधी!" मास्तर ओरडले.

काळुराम हलला नाही. शेवटी मास्तरांनी खिशातलं पेन काढून वहीच्या पानावर 'मॅट्रिक होईपर्यंत, विनाअट' असं लिहिलं आणि खाली सही केली. शकूने ते मोठ्यानं वाचलं. मगच काळुरामने अंगठ्याला शाई लावली.