रात्रपाळीचा दोष

“सर, तो रिपोर्टच चुकलाय,” मृणाली म्हणाली, तसा प्रवीण सरांनी तोंडाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला.

रोह्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात आकडेवारीचं काम मृणालीकडे होतं. माल वरचेवर खराब निघू लागला, तेव्हा कारण शोधायला तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. रकान्यांची नावं उचलायची, मध्ये अधिकचं चिन्ह घालून त्यांची एक ओळ जुळवायची आणि त्या ओळीचंच सूत्र करून संगणकाला द्यायचं. माल कशामुळे बिघडतो ते मग संगणक सांगणार. त्यानं सांगितलं, रात्रपाळीमुळे. रात्री पंपावर असायचा हिरामण. पाळीत त्याचा डोळा लागत असणार, असं धरून त्याला कामावरून कमी केलं.

“चुकलाय म्हणजे?”

“एका रकान्याचं नाव ‘पंप-वय’ होतं. सूत्रात ती मधली रेघ वजाबाकी झाली. पंपातून वय वजा! पंप किती जुना, हे हिशेबात आलंच नाही, आणि ‘पंप’ व ‘वय’ असे वेगळे रकानेही असल्यानं संगणकानं हूं की चूं केलं नाही. आज ते नाव अवतरणचिन्हांत बांधून पुन्हा चालवलं. रात्रपाळीचा दोष उरतच नाही, सर. जुने पंप बहुतेक रात्री चालतात, म्हणून रात्र दिसत होती.”

“वर कळवलं तर तुझं नाव येईल.”

“येऊ दे.”

पंप बदलायचं ठरलं. हिरामणला परत बोलवा, असंही सर म्हणाले. निरोप फोनवर देता आला असता. मृणाली रेल्वेनं कासू स्टेशनला उतरली आणि रिक्षा करून खाडीकडे गेली.

हिरामण मेहुण्याच्या मिठागरात लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होता. बायको, सीताबाई, पाटी भरत होती. वाटेत जुळवलेली वाक्यं मृणालीला आठवेनात. जमेल तसं तिनं सगळं सांगितलं. “चूक माझी होती, काका.”

त्यानं मीठ ओढणं थांबवलं.

“मंग माजा डोळा लागत नव्हता?”

“नाही.”

“मला वाटलं, लागतच आसंल. कांपूटर कशाला खोटं बोलंल? पडल्या पडल्या आठवून बगायचो, कवा झोपलो, कवा झोपलो. सापडायचं नाय. मंग म्हटलं, झोपलेल्याला झोप कशी आठवंल?”

तो चिडला असता तर मृणालीला बरं वाटलं असतं.

“सरांनी परत बोलावलंय.”

“बगू.” त्यानं बायकोकडे मान वळवली. “ऐकलंस काय गो? पंप म्हातारा झाला व्हता. मी नाय.”

सीताबाईनं पाटी खाली ठेवली. “मी कवा म्हटलं व्हतं?”

“तू नाय गो. मीच म्हटलं व्हतं.”

दांड्यावर दोन्ही हात टेकून त्यानं भर उन्हात डोळे मिटून घेतले. तो तसाच उभा राहिला. दोघींपैकी कुणीच त्याला हाक मारली नाही.