नानांचा दुभाषा

बशीत चमचा वाजला. शनिवारच्या सकाळी आमच्या घरात तेवढा आवाजही मोठा वाटतो. मी तव्यावरून मान वळवली, तर नानांचा, माझ्या सासऱ्यांचा, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला. ते काहीतरी सांगू बघत होते, पण शब्द तोंडातच विरघळत होते. दहा मिनिटांनी हात उचलला, वाचा आली. "चहा गार झाला गं," म्हणाले. मला रडूच फुटलं.

माझा नवरा म्हणाला, "गॅस असेल."

जयंत इथे इंग्लंडात, रीडिंग गावातल्या एका ऑफिसात प्रोजेक्टचे धोके सांभाळतो. म्हणजे लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा तक्ता करतो आणि मीटिंग आली की लालाचं पिवळं करतो. घरात निराळं काय करणार?

मी हट्टानं नानांना हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत मानेतली डावी रक्तवाहिनी निम्मी बुजलेली निघाली. "फिफ्टी परसेंट! म्हणजे निम्मी उघडी आहे ना," जयंत खूश झाला, जणू पोरगं काठावर पास झालं. डॉक्टरीणबाई स्कॉटिश, बोलणं संथ. म्हणाल्या, वाट किती अरुंद झाली एवढ्यावर भागत नाही, आत साचलेला थर कसा आहे तेही बघायला हवं. टणक असेल तर वर्षानुवर्षं गप्प बसेल. आत रक्त झिरपत असेल, तर फुटून त्याचा तुकडा मेंदूत जाईल. एमआरआयमध्ये ते दिसू शकतं.

नाना इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, पण इथलं बोलणं त्यांना उमगत नाही. दुभाषा बोलावू का, असं बाईंनी विचारलं तर जयंतचा केवढा अपमान! "आय ॲम हिज सन." एमआरआयच्या फॉर्मवर अंगावर धातू आहे का, असं विचारलं होतं. या चिरंजीवांनी वडिलांकडे न बघताच 'नो' लिहिलं. मशीनच्या खोलीच्या दारात तिथल्या मुलीनं स्वतःचा गळा चाचपून दाखवला, तेव्हा नानांनी गाऊनमधून जानवं ओढून काढलं. त्याला नागपूरच्या कपाटाची किल्ली!

"अहो नाना, सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?" नाना म्हणाले आणि गाठ सोडवून किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या अंगानं ती उबदार झाली होती.

रिपोर्ट मिळायचा होता तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून पाच वर्षांची अन्वीही बरोबर. बाईंनी पडद्यावर पांढरा ठिपका दाखवला. थरात रक्तस्राव झालाय. दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करून तो थर काढलेला बरा. ऑपरेशनलाही धोका आहे, पण न करण्याचा जास्त. "हे त्यांना सांगा. निर्णय त्यांचा आहे."

जयंतनं घसा साफ केला. "नाना, सगळं ठीक आहे. गोळी थोडी वाढवलीय."

नानांनी हात जोडले. "थँक्यू, मॅडम."

"त्यांना समजलं ना?" बाईंनी विचारलं.

"यस, यस. ही नीड्स टाइम टू थिंक."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अन्वीच्या कोटाची बटणं लावत बसले.

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. "जयंत, नानांना घेऊन परत आत जा. खरं सांग."

"घाबरतील ते. आणि टेबलावर काही झालं, तर लोक मलाच विचारतील. आपोआप झालं, तर निदान मी केलं असं कुणी म्हणणार नाही." एवढं बोलून तो गाडी आणायला गेला. जाताना शीळ घालत होता.

नाना थोडे पुढे भिंतीवरची एकेक नोटीस वाचत उभे होते, मजेत. अन्वीनं माझी ओढणी ओढली.

"आई, डॉक्टर असं नाही म्हणाली. ती म्हणाली आजोबाच्या मानेत ब्लड आहे."

"हळू बोल, बाळा."

"बाबाला इंग्लिश कळला नाही?"

"कळलं."

तिनं आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला पण कळला ना? मग तू का नाही सांगितला?"